तांदूळ उपसमिती

कमलाकर टिपणिसांनी जन्मात कधी कुकर लावला नव्हता. त्यामुळे सव्वाशे माणसांचा नारळी भात करणं त्यांना अगदीच सोपं वाटलं.

असा आत्मविश्वास स्वयंपाक येणाऱ्याला परवडत नाही. ज्याच्या हातून एकदा तरी भात करपलेला असतो, तो सव्वाशे हा आकडा ऐकून आधी बसायला खुर्ची शोधतो. कमलाकररावांच्या हातून भात कधीच करपला नव्हता. या क्षेत्रातली त्यांची कारकीर्द निष्कलंक होती.

प्रकरण सुरू झालं ते इंद्रजीतमुळे. इंद्रजीत हा पनवेलच्या 'गाढी दर्शन' सोसायटीचा नवा सेक्रेटरी. (सोसायटीच्या आणि गाढी नदीच्या मध्ये बिल्डरने आणखी दोन इमारती उभ्या केल्यामुळे एरवी तिचं दर्शन कोणालाच होत नाही. एखाद्या जुलैत ती स्वतःच पार्किंगमध्ये येऊन देते, तेवढंच.) इंद्रजीत ऐरोलीच्या कुठल्याशा कंपनीत माणसांना एकमेकांशी बोलायला लावण्याच्या खात्यात होता आणि तीच हौस तो घरी येऊन फुकट भागवत असे. मागल्या वर्षी त्याने सोसायटीत झुंबा सुरू केला होता. पहिल्या मजल्यावरच्या दोन गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर तो बंद पडला. यंदा त्याच्या डोक्यात नारळी पौर्णिमा आली. उरणहून मासळीची पाटी घेऊन गेटवर येणाऱ्या गंगाबाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलवायचं, त्यांच्या हातून नारळाची पूजा करायची आणि मग सगळ्यांना नारळी भात.

"ज्यांचा सण त्यांनाच बोलवतोय काकू. एकदम ऑथेंटिक," तो टिपणिसांच्या सोफ्यावर बसून कमलाकररावांच्या पत्नीला, अरुंधतीबाईंना, म्हणाला. "आणि भात तुमच्याच हातचा."

अरुंधतीबाईंचा नारळी भात बी विंगमध्ये प्रसिद्ध होता. त्या लगेच हो म्हणाल्या. "चौघीजणी मिळून करू. मोठं भांडं असलं की झालं."

"तांदूळ किती लागेल पण?"

"बघू की. अंदाज घेऊ."

इथे कमलाकररावांनी हातातला पेपर खाली ठेवला.

तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली होती. डब्यावर एक लिटर लिहिलं असेल तर आत एक लिटरच रंग आहे याची ग्वाही देणारा माणूस म्हणजे कमलाकर टिपणीस. 'अंदाज' हा शब्द ते चारचौघांत उच्चारत नसत. निवृत्त झाल्यापासून मात्र मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. दूधवाल्याची पिशवी आणि स्वतःचं ब्लडप्रेशर, या दोनच गोष्टींवर त्यांची देखरेख चालू होती. दोन्हींनी त्यांना दाद देणं केव्हाच सोडलं होतं.

"सव्वाशे माणसांचा अंदाज?" ते म्हणाले. "याचा शास्त्रशुद्ध हिशोब निघतो. मी काढून देतो."

"काका, प्लीज! गिव्ह मी अ नंबर," इंद्रजीत म्हणाला. त्याला आकड्यांचं फार. त्यांचं पुढे काय करायचं हे त्याला माहीत नसे, पण आकडा मिळाला की त्याला झोप लागे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण जेवण झाल्यावर कमलाकररावांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निवेदन टाकलं. त्यात शेवटचं वाक्य असं होतं : 'पारंपरिक महिलावर्गीय अंदाजपद्धतीत चुकीचा संभव मोठा असल्याने यंदा भात मोजमापाने होईल.'

खाली सर्वांत आधी अरुंधतीबाईंचा अंगठा आला. नुसता अंगठा, वर केलेला. कमलाकररावांनी तो पाठिंबा मानला. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाने बायकोच्या अंगठ्याचा इतका चुकीचा अर्थ लावावा, हे क्वालिटी कंट्रोलचं अपयशच म्हणायचं. त्या घटकेपासून अरुंधतीबाईंनी भातातून अंग काढून घेतलं. त्यांच्या तिघी मैत्रिणींनीही काढलं. आणि घरात नवऱ्याशी बोलणं बंद झालं, ते कमलाकररावांच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं.

तोवर ते स्वयंपाकघरात कामाला लागले होते. अरुंधतीबाईंचं प्रमाण ऐकायला सोपं होतं : एक वाटी तांदूळ, तेवढाच गूळ, तेवढंच खोबरं, दुप्पट पाणी. एवढ्यात चार माणसं. पण वाटी म्हणजे काय? घरात अकरा वाट्या निघाल्या, आणि दोन वाट्यांचं एकमेकींशी पटेल तर शपथ. तांदळाच्या डब्यात कायम पडून असलेली, काठाला पोचा आलेली वाटी ती खरी, एवढं त्यांना ठाऊक होतं. तिच्यात पाणी ओतून मोजलं तर दोनशे मिली भरलं. म्हणजे सव्वाशेला तीसएक वाट्या, म्हणजे सहा लिटर तांदूळ.

आता पंचाईत अशी, की तांदूळ लिटरने मिळत नाही. पनवेलच्या बाजारात जाऊन सहा लिटर तांदूळ मागितला तर वाणी आधी तुमच्या तोंडाचा वास घेईल. तेव्हा लिटरचे किलो करणं आलं.

वाटीत तांदूळ भरून ती वाटी सरळ काट्यावर ठेवावी, हे कमलाकररावांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण ही रीत इतकी सोपी होती की तिला शास्त्र म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी कपाटातून काचेचं उभं मोजपात्र काढलं. कारखान्याने निरोप समारंभात दिलेलं. त्यात पाणी भरलं, शंभर ग्रॅम तांदूळ तोलून आत सोडले. दाणे तळाला गेले, चार बुडबुडे वर आले, पाणी सत्तर मिलीने चढलं. कमलाकररावांनी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. सत्तर मिलीत शंभर ग्रॅम! म्हणजे एक लिटर तांदूळ जवळजवळ एक किलो चारशे. रंगाची घनता त्यांनी अशीच हजारदा काढली होती. सहा लिटरचे साडेआठ किलो झाले.

ते चार बुडबुडे तेवढे लक्षात ठेवा. कमलाकररावांनी ठेवले नाहीत.

गुळालाही हीच परीक्षा लावली, पण गूळ विरघळून गेला आणि ती परीक्षा कमलाकररावांना पिऊन टाकावी लागली. खोबरं तरंगलं. ते बोटाने खाली दाबून धरलं, तर बोटाचंही माप त्यात आलं. शेवटी 'गूळ तांदळाइतकाच, खोबरं नगावर' असा ठराव करून प्रयोगशाळा बंद झाली.

आकडा ग्रुपवर पडला मात्र, सल्ल्यांना पूर आला.

समोरच्या फ्लॅटमधली नीता केकचं चॅनल चालवायची. ती मापाचे रंगीत कप घेऊनच आली. "काका, वाटी विसरा. कप वापरा, स्टँडर्ड असतो. दोनशे चाळीस एमएल."

"याच्यावर तर दोनशे पन्नास लिहिलंय."

"तो दुसऱ्या सेटमधला. आणि हा राइस कुकरबरोबर आलेला, तो एकशे ऐंशीचा."

"मग स्टँडर्ड कुठला?"

"तिन्ही," नीता म्हणाली. "पण सेट मिक्स नाही करायचे."

वरच्या मजल्यावर दाजी म्हात्रे राहत. सोसायटी उभी होती ती जमीन एकेकाळी दाजींची. त्यामुळे सोसायटीतल्या कुठल्याही विषयावर पहिला हक्क आपला, असं ते धरून चालत. ते जिन्यातच गाठ पडले.

"टिपनीस, तांदूल किलोवर मोजत नाय कोन. पायलीनं मोजा."

"पायली म्हणजे किती किलो, दाजी?"

"पायली म्हंजे चार शेर."

"आणि शेर म्हणजे?"

"पायलीचा चवथा भाग!" दाजींना एवढ्या अडाणी प्रश्नाचा संताप आला. "आनि आमची पायली नि चिरनेरची पायली येगळी हाय. चिरनेरला माज्या भनीकडं मोटी पायली. तिचा सासरा उदार व्हता."

कमलाकररावांनी सासऱ्याचं औदार्य हिशोबात कसं धरायचं ते विचारलं नाही. दाजी जाता जाता म्हणाले, "पन साडेआठ किलो पुरायचा नाय. गोडाला मानूस दुपटीनं खातं."

इंद्रजीत म्हणाला, "काका, वीस टक्के बफर ठेवू." नीता म्हणाली, धुताना तांदूळ वाहून जातो. खालच्या मजल्यावरून निरोप आला, आमच्याकडे पाहुणे आहेत. साडेआठचे दहा झाले, दहाचे साडेबारा, आणि वाण्याने "पंधराचं पोतं फोडायला नको, तसंच घ्या," म्हटल्यावर पंधरा झाले. चूक एकट्या माणसाने करायची म्हटली तर तिला मर्यादा येते. सगळ्यांचं सहकार्य मिळालं तरच ती अशी बहरते.

मग आली परवानगी. पार्किंगमध्ये शेगडी लावायची तर सोसायटीच्या नियमाप्रमाणे सेक्रेटरीची लेखी ना-हरकत हवी. सेक्रेटरी इंद्रजीत. पण कार्यक्रम त्याचाच, त्यामुळे स्वतःच्या प्रस्तावाला स्वतः ना-हरकत देणं त्याच्या तत्त्वात बसेना. सही खजिनदाराने करावी असं ठरलं, तर खजिनदार पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला. त्यांनी फोनवर सांगितलं की आपली हरकत नाही, पण ना-हरकतही देता येणार नाही, कारण आपण शेगडी पाहिलेली नाही. अखेर तोड निघाली ती अशी, की भाताची एक उपसमिती नेमावी आणि जबाबदारी तिच्या गळ्यात घालावी. तांदूळ उपसमितीचे अध्यक्ष कमलाकर टिपणीस. सदस्य दाजी, ज्येष्ठतेमुळे. आणि ए विंगचा सुशांत, कारण तो जिमला जायचा आणि काहीतरी उचलायला लागलंच असतं.

उपसमितीला पहिली अट पडली दोन बादल्या वाळूची, आगीसाठी. ज्या पनवेलमध्ये जिकडे पाहावं तिकडे टॉवर उगवतायत, तिथे दोन बादल्या वाळू सरळ मार्गाने मिळेना. शेवटी सुशांत त्या घेऊन आला. कुठून, हे उपसमितीने विचारलं नाही. पलीकडच्या बांधकामाचा वॉचमन दिवसभर गेटपाशी घुटमळत होता, त्याच्याकडेही कोणी लक्ष दिलं नाही.

टोप आणायला कमलाकरराव टपाल नाक्याजवळ तुळशीरामच्या भांडी भाड्याने देण्याच्या दुकानात गेले.

"पंधरा किलोला कुठला टोप लागेल?"

"पंधरा किलोचा," तुळशीराम म्हणाला.

"म्हणजे पंधरा किलो काय? कच्चा तांदूळ, का शिजलेला भात?"

"पंधरा किलोचा टोप."

"का टोपाचंच वजन पंधरा किलो?"

तुळशीरामने टोपाकडे असं पाहिलं, की हा विचार त्याला कधी शिवलाच नव्हता. त्याने टोप कानाला धरून थोडा उचलला. "जास्त भरेल."

"मग पंधरा किलोचा का म्हणता?"

"बाबा म्हणायचे," तुळशीराम म्हणाला. "नेताय का ठेवू?"

कमलाकररावांनी टेपने टोपाचा व्यास आणि उंची घेतली, पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला आणि समाधानाने मान डोलावली. त्यांच्या हिशोबाने पंधरा किलो तांदूळ म्हणजे पावणेअकरा लिटर. त्याला दुप्पट म्हणून साडेएकवीस लिटर पाणी. टोपात जागाच जागा होती.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी पार्किंगमध्ये शेगडी लागली. कमलाकरराव इस्त्रीच्या शर्टावर अॅप्रन बांधून उभे होते. सुशांतने टोप चढवला. तुपात लवंगा तडतडल्या, सगळ्या मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. एक गॅलरी तेवढी रिकामी होती. ती टिपणिसांची.

पाणी मोजून घातलं. अगदी डोळ्यांच्या रेषेत पातळी आणून, थेंबाचीही लबाडी न करता. उकळी आली, तांदूळ पडला. भात टोपात जरा जास्तच वर आलेला दिसला, पण कमलाकररावांनी त्याचं श्रेय तांदळाच्या जातीला दिलं. पाणी पाहता पाहता आटलं.

दाजींनी डावाने एक दाणा काढून दाताखाली धरला. कट् असा आवाज झाला. तो दाण्याचा होता का दाजींच्या दाढेचा, यावर उपसमितीत मतभेद आहेत.

"कच्चा हाय."

"पाणी संपलंय," कमलाकरराव म्हणाले.

"पन तांदूल कच्चा हाय."

"दाजी, पाणी बरोबर दुप्पट होतं. ते संपलं, त्याअर्थी तांदूळ शिजला. दातावर विसंबून कसं चालेल?" आणि अध्यक्षांच्या अधिकारात त्यांनी गूळ-खोबरं आत लोटायला सांगितलं.

आता ही गोष्ट घरोघरी कोणालाही ठाऊक आहे, की कच्च्या भाताला गूळ दाखवला की तो हट्टाला पेटतो, मग जन्मात शिजत नाही. ठाऊक असणाऱ्या सगळ्याजणी गॅलऱ्यांत उभ्या होत्या. कोणी काही बोललं नाही. त्यांची पद्धत अंदाजाची होती, आणि तीत चुकीचा संभव मोठा होता.

गूळ वितळला, भात चकाकायला लागला, आणि क्षणभर सगळं छान दिसलं. मग तळाकडून वास आला.

"पाणी!" सुशांत ओरडला. कमलाकररावांनी बादली उचलून टोपात उपडी केली. वीतभर तरी पातळी वर यायला हवी होती. ती जागची हलली नाही. बादलीभर पाणी टोपात गेलं आणि जणू नव्हतंच. गेलं कुठे? कमलाकरराव वाकून पाहू लागले. तेवढ्यात भाताच्या पृष्ठभागावर एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग टोपभर बुडबुड बुडबुड सुरू झालं.

कमलाकररावांचा हात बादलीच्या कडीवर तसाच राहिला.

हवा! दोन दाण्यांच्या मध्ये हवा असते. रंगाच्या डब्यात ती नसते, रंग काठोकाठ रंगच असतो. पण वाटीभर तांदूळ म्हणजे अर्धाअधिक तांदूळ आणि उरलेली हवा. त्यांनी तांदूळ पाण्यात बुडवून मोजला, तेव्हा ती हवा चार बुडबुड्यांच्या रूपाने त्यांच्या नाकासमोरून निघून गेली होती. एक लिटर तांदूळ एक किलो चारशे नव्हे, फार तर आठशे ग्रॅम. टोपात पावणेअकरा लिटर तांदूळ नव्हता, एकोणीस लिटर होता. पाणी हवं त्याच्या जेमतेम निम्मं पडलं होतं. आणि मुळात तांदूळच तिपटीने आणला होता.

हे सगळं त्यांच्या ध्यानात एका उकळीच्या आत आलं. तोंडाने ते म्हणाले, "तांदूळ जुना दिसतोय. जुना तांदूळ पाणी फार पितो."

"तांदूल बरा हाय," दाजी म्हणाले. "हिसोब नवा हाय."

पाणी आणखी घालायचं तर टोपाला काठ उरला नव्हता. भात फुगून वर आला होता, खाली जळत होता आणि मध्ये कच्चा होता. इंद्रजीत धावत आला. त्याच्या मागे रिक्षातून गंगाबाई उतरत होत्या. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली. त्यांचा मुलगा जीवन न्हावा-शेव्याला बंदरात कामाला होता. तो रजा टाकून आईचं भाषण मोबाइलवर घ्यायला आला होता.

"काका, स्टेटस काय?" इंद्रजीतने दबक्या आवाजात विचारलं.

कमलाकररावांनी स्टेटस सांगण्यासाठी तोंड उघडलं, पण त्यांच्यातर्फे टोपानेच धूर सोडला.

नीता वरून ओरडली, "काका, वाटून द्या! सगळ्यांच्या कुकरला लावू!"

आणि मग गाढी दर्शनमध्ये जे घडलं ते झुंब्याने कधी घडलं नव्हतं. प्रत्येक घरातून कोणी ना कोणी पातेलं घेऊन खाली उतरलं. सुशांत डावाने भात घालत होता, दाजी रांग लावत होते. जिन्यात पातेल्यांची चढउतार सुरू झाली. थोड्याच वेळात दोन्ही विंगांमधून शिट्ट्या येऊ लागल्या, इतक्या की सोसायटीचा वॉचमन उठून उभा राहिला. प्रत्येकीने आपल्या बुद्धीने दुरुस्ती केली. कोणी दूध घातलं, कोणी अननस. पहिल्या मजल्यावर कोणी मीठ-मिरची घालून त्याचा मसालेभात करायचा प्रयत्न केला. ए विंगमध्ये गुळाच्या पाकाने कुकरची शिट्टी बसली आणि छतावर नारळी पौर्णिमेची नक्षी उमटली.

शेवटचं पातेलं कमलाकरराव स्वतः वर घेऊन गेले. अरुंधतीबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी पातेलं घेतलं, एक दाणा बोटांत चुरडून पाहिला. चुरडला नाही.

"पाणी किती—" कमलाकररावांनी सुरुवात केली.

अरुंधतीबाईंनी नुसतं पाहिलं. ते बाहेर जाऊन सोफ्यावर बसले.

इथे अरुंधतीबाईंच्या हाताने चमत्कार केला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण पाच शिट्ट्यांनंतर त्यांच्याही कुकरातून जे निघालं त्याची सुरी लावून वडी पडली. काही गोष्टी बिघडतात तेव्हा अंदाज आणि शास्त्र दोघांनाही सारखाच दम देतात. अरुंधतीबाईंनी वड्या पाडल्या, ताटात लावल्या, वर काजू खोचले आणि नवऱ्याच्या हातात ताट दिलं. बोलल्या नाहीत.

खाली टेबलांवर पातेली मांडली होती. नारळी भाताची इतकी रूपं एका जागी कोणी पाहिली नसतील. इंद्रजीतने माइक हातात घेतला. "फ्रेंड्स, यंदा आपण मुद्दाम डिसेंट्रलाइज्ड कुकिंगचा प्रयोग केला. एक भात, प्रत्येक घराचा टच!" टाळ्या पडल्या. कमलाकरराव मान खाली घालून टाळ्या ऐकत होते. फजिती झाली असती तर त्यांनी सोसली असती. ती कोणी यशस्वी ठरवावी, हे सोसायला जड जात होतं.

गंगाबाईंनी नारळाची पूजा केली. मग पाहुण्या म्हणून पहिलं ताट त्यांच्यासमोर आलं. त्यांनी एक घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. सगळी सोसायटी त्यांच्या जबड्याकडे पाहत राहिली.

"ह्यो भात हाय का चिक्की हाय?" गंगाबाईंनी विचारलं.

आधी जीवन हसला. मग दाजी हसले, आणि मग सगळं पार्किंगच हसत सुटलं.

"हसताव कनाला?" गंगाबाई म्हणाल्या. "मी नाव नाय ठेवीत. ती काजूची वडी बांधून द्या मना. माजा नातू चिक्कीवर जीव टाकतंय."

इंद्रजीतने भाषणाचं सुचवलं तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आमी इतकी वर्सां गेटाच्या भायेर बसतंय. आज आत बसवलाव. बरा वाटला. भात कसा का असंना." आणि बसल्या. जीवनने ते सगळं मोबाइलवर घेतलं.

त्यानंतर तांदूळ उपसमितीच्या अध्यक्षांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. दिवसभरात नारळाशी जे काही झालं होतं, त्यानंतर कमलाकररावांना आणखी एक नारळ हातात घेताना कसंसंच झालं. पण त्यांनी घेतला, फोटोसाठी हसले, आणि वर जाऊन न जेवता झोपले.

सकाळी टोप परत करायचा होता. तुळशीरामने फोनवर बजावलं होतं की तळाला काळं असेल तर टोप घेणार नाही. तळाला काळं होतं म्हणणं म्हणजे टोपाचा अपमान. तळाला काळ्याचाच एक दुसरा टोप झाला होता. सुशांतच्या पाठीत उसण भरली होती. दाजी ज्येष्ठ होते. कमलाकरराव एकटेच पार्किंगमध्ये नळापाशी बसले. टोप आडवा केला, काथ्या घेतला आणि घासायला लागले. तळापर्यंत हात पोचेना, म्हणून आत शिरले. बाहेरून पाहणाऱ्याला कमरेखालचे तेवढे अध्यक्ष दिसत होते.

थोड्या वेळाने पावलं वाजली. प्लास्टिकची खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"चहा," अरुंधतीबाई म्हणाल्या.

त्या अंगठ्यानंतरचा हा पहिला शब्द. कमलाकररावांचा काथ्या थांबला. ते बाहेर आले नाहीत. काही गोष्टी माणसाला तोंड टोपात असतानाच बोलता येतात.

"अरुंधती," ते आतून अगदी हळू म्हणाले, "तांदूळ जुना नव्हता गं. माझंच चुकलं. मी हवा धरलीच नाही. ग्रुपवर ते लिहिलं, तेही लिहायला नको होतं."

ते हळूच बोलले होते. पण तुळशीरामचा टोप पंधरा किलोचा होता. त्यांचा कबुलीजबाब त्यातून देवळातल्या भोंग्यासारखा निघाला, खांबांवर आपटला आणि थेट चौथ्या मजल्यापर्यंत चढला. वर एक दार उघडल्याचा आवाज झाला.

"टिपनीस!" दाजी गॅलरीतून ओरडले. "काय चुकला? कसली हवा?"

टोपात काळोख होता, आणि त्या काळोखात कमलाकरराव डोळे मिटून थांबले.

"गाडीची हो दाजी!" अरुंधतीबाईंनी मान वर करून सांगितलं. "टायरमधली हवा कमी झालीय, तेच म्हणतायत."

टिपणिसांकडे गाडी नव्हती. स्कूटर विकून जमाना झाला होता. घरात सायकलसुद्धा नव्हती, आणि पार्किंगमधली कुठली जागा कोणाची हे जमिनीचे जुने मालक दाजी म्हात्रे झोपेतही सांगू शकत होते.

दाजींनी वरून पार्किंगभर एक नजर फिरवली.

"बरा बरा," दाजी म्हणाले. "मंग भरून घ्या." आणि दार लागलं.

"घेतो," टोपातून आवाज आला.

तेव्हा अरुंधतीबाई हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, चहा सांडेपर्यंत. कमलाकररावांनी ते टोपात बसून ऐकलं. आत ते हसू दुप्पट मोठं ऐकू येत होतं. त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी थोडा आणूनही पाहिला, पण काळ्या तळाशी नाक लावून बसलेल्या माणसाला तो फार वेळ टिकवता येत नाही.

अरुंधतीबाईंनी डोळे पुसले, खुर्चीवरून उठून टोपाच्या तोंडाशी वाकल्या आणि आत डोकावल्या.

"डावीकडे बरंच राहिलंय," त्या म्हणाल्या. "सरका, मला काथ्या द्या."